गोरेगावातली केबिन

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारातून धानाच्या बांध्यांकडे जो रस्ता जातो, त्यावर लखनलाल पटले यांचं घर आहे. इतर घरांसारखंच. फक्त रस्त्याकडच्या खोलीची खिडकी गोल आहे. बैलगाडीच्या जुन्या चाकाची लोखंडी धाव भिंतीत बसवून ती केलेली. त्या खिडकीतून पाहिलं की पावसाळ्यात खरोखरच पाणी दिसतं, घोटाभर, आणि त्यात वाकून रोवणी करणाऱ्या बाया.

त्या खोलीला आम्ही सगळे केबिन म्हणतो आणि लखनलालकाकांना कप्तान.

केबिनचा उंबरठा जवळजवळ गुडघ्याएवढा उंच आहे, समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून. पलंग भिंतीत रुतवलेला, खाली चार खण, आणि बाहेरच्या बाजूला एक उभी फळी, झोपलेला माणूस लाटेबरोबर खाली पडू नये म्हणून. पलंगापुढे पितळी दांडीवर हिरवा पडदा. टेबलाच्या चारी कडांना बोटभर उंच पट्टी, ताट घसरू नये म्हणून. टेबल जमिनीला स्क्रूने आवळलेलं आणि खुर्ची साखळीने टेबलाला बांधलेली. एक्क्याण्णव साली काका नौदलातून पेन्शनवर आले, तेव्हा हे सगळं बिसराम सुताराने केलं. तो अजून सांगतो, "मी म्हनलो, काकाजी, गोरेगाव काई हालत नाई, मंग टेबलाले स्क्रू कायले? तं म्हनते, तुले नाई समजनार."

कोणालाच समजलं नाही, म्हणून सगळ्यांना पटलं.

टेबलाशेजारी भिंतीवर एक बटण आहे. ते दाबलं की मागे स्वयंपाकघरात घंटी वाजते. एकदा वाजली तर चहा, दोनदा वाजली तर पाणी, लांब वाजली तर हातातलं टाकून या. हा कायदा जमुनाकाकींसाठी. तेहतीस वर्षं त्या डाव्या हाताने साडी उचलत, उजव्या हाताने ट्रे सांभाळत तो उंबरठा ओलांडत आहेत. कपाचा कान उजवीकडे हवा. पाण्याचा गिलास वरून दोन बोटं रिकामा हवा. चादरीचे चारही कोपरे असे जुळले पाहिजेत की घडीची कड कागदासारखी दिसावी. हे सगळं काकांनी त्यांना शिकवलं, फार बारकाईने, प्रसंगी चिडून. स्वतः काकांनी घरात एक कप विसळल्याचं मात्र कोणी पाहिलं नाही. कप्तान कप विसळत नाही, एवढं गोरेगावात लहान पोरालाही कळत होतं.

आता खरं सांगायचं तर काका कप्तान नव्हते. 'शूरसेन' नावाच्या मोठ्या तोफांच्या युद्धनौकेवर ते कप्तानाचे स्टुअर्ड होते. कप्तानाचं अंथरूण घालायचं, बूट चमकवायचे, टेबल मांडायचं, आणि घंटी वाजली की चहा न्यायचा. सतरा वर्षांत पाच कप्तान आले आणि गेले. काका तिथेच राहिले.

ते खोटं बोलले, असंही म्हणता येत नाही. झालं ते एका फोटोमुळे. एकदा कप्तान बंदरावर उतरले असताना भांडारातल्या एका मित्राने कॅमेरा आणला आणि काका कप्तानाच्या खुर्चीत बसले. अंगात स्टुअर्डचा पांढरा कोट होता. त्याची पितळी बटणं अशी घासलेली की काळ्या-पांढऱ्या फोटोत ती खऱ्या अधिकाऱ्यापेक्षा वरच्या दर्जाची दिसत होती. फोटो पत्रासोबत घरी आला. पत्रात फक्त "मी मजेत आहे" असं लिहिलं होतं. फोटो गावाने वाचला. रजेवर आलेल्या काकांना कोणीतरी बसस्टँडवरच "या कप्तानसाहेब" म्हणून हार घातला. थकून आलेला माणूस गर्दीत हार काढून वाद घालत बसत नाही. काकांनी मान झुकवली. मग तो हार उतरवायला इतक्या वर्षांत योग्य दिवस मिळाला नाही.

तो दिवस चंद्रकुमार गुरुजींनी आणला. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले तरी सहल काढायची सवय त्यांना सोडत नाही. या वर्षी धान विकून लोक मोकळे झाले, तेव्हा त्यांनी जगन्नाथ आणि समुद्र अशी सहा दिवसांची बस ठरवली. त्यातच पेपरात त्यांना एक बातमी दिसली: 'शूरसेन' आता संग्रहालय झालं आहे, लोकांना आत फिरून पाहता येतं. गुरुजी पेपर घेऊन थेट केबिनच्या उंबरठ्यावर आले, अडखळले, आणि सावरत म्हणाले, "कप्तान, तुमचं जहाज! आपन सारे जाऊन राहिलो. तुमी दाखवाल, आमी पाहू."

काकांनी आधी गुडघ्याचं दुखणं पुढे केलं. मग उन्हाळी धानाचं पाणी. मग म्हैस.

"म्हैस शेजारीन पाहीन," जमुनाकाकी म्हणाल्या. त्या सहसा मध्ये बोलत नसत. "तेहतीस वर्सं हे नकली पुसून राहिली मी. एकडाव असली पाहू द्या न जी."

बस निघाली. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर काकांनी पोटात कळ येत असल्याचं सांगून पाहिलं. गोंदियाची परत जाणारी बस समोरच उभी होती. गुरुजींनी पिशवीतून गोळी काढली, पाणी दिलं आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत समोर उभे राहिले. परतीची बस निघून गेली. पुढे सगळा रस्ता काका खिडकीकडे तोंड करून होते. बायांनी भजनं म्हटली, सुशिलाबाईंनी साऱ्या बसला मुरमुरे वाटले, आणि मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "कप्तानाले जहाजाची आठवन येऊन राहिली."

तिसऱ्या दिवशी सकाळी एका वळणावर समुद्र दिसला. सगळी बस एका बाजूच्या खिडक्यांकडे सरकली. जमुनाकाकींनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पानी तं लय हाय. पन बांध नाई कुठं."

जहाज किनाऱ्यावरच होतं, वाळूत सिमेंटच्या पायावर बसवलेलं. गोरेगावासारखं तेही आता हालत नव्हतं. राखाडी रंग ताजा होता, तोफांच्या तोंडांना पितळी झाकणं होती आणि शिडीपाशी तिकिटाची खिडकी. गाइड म्हणून एक पंचविशीतला मुलगा आला. त्याची हिंदी तिथल्या वळणाची होती, शब्दांच्या शेवटी जरा वर चढणारी.

"संभलके! सिर नीचे, पैर ऊपर!"

जहाजाच्या आतल्या प्रत्येक दाराला तोच गुडघ्याएवढा उंबरठा होता. गुरुजी पहिल्याच दाराला आपटले. सुशिलाबाई दुसऱ्या दाराला बसल्याच. बत्तीस माणसांत एकट्या जमुनाकाकी न अडखळता चालत होत्या. खाली न पाहता पाय उचलायच्या, टाकायच्या, उचलायच्या. गाइड थांबून बघायला लागला.

"अम्मा, आप भी नेवी में थीं क्या?"

"घरीच नेवी हाय तिची!" जमिनीवरून सुशिलाबाई म्हणाल्या.

आधी खालचा मजला होता, खलाशांच्या झोपायच्या जागेचा. दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढ्या जागेत चाळीस माणसं. साखळ्यांनी टांगलेल्या लोखंडी चौकटी, एकावर एक तीन. प्रत्येकाला डोक्याशी पत्र्याचं एक कपाट, त्यात एका माणसाचं सगळं घर मावायचं. छतातून पाइप गेलेले, कॅनव्हासने गुंडाळलेले. आता सगळीकडे रंगाचा आणि फिनाइलचा वास होता. पूर्वी तिथे डिझेलचा, घामाचा आणि उकडलेल्या कोबीचा असायचा. संग्रहालयाने तेवढा तो जतन केला नव्हता. तिसऱ्या रांगेत, मधल्या चौकटीत, निळ्या घोंगडीखाली एक गुलाबी चेहऱ्याचा पुतळा झोपवला होता. ती चौकट बरोबर पाइपाखाली होती. काकांनी त्या बाजूला पाहिलं नाही.

जमुनाकाकींनी घोंगडी बोटांनी चाचपली. "इथं कोन झोपे जी?"

"खालचे लोक."

"अन हा पाइप गळे नाई?"

"गळे. डब्बा बांधावा लागे," काका म्हणाले आणि लगेच दुपट्टा खांद्यावर नीट केला. "मंजे, म्हनत तसं."

"बिचारे," काकी म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

कप्तानाची केबिन वरच्या मजल्यावर होती. दारात जाडजूड लाल दोरी. आत पाहिल्यावर आमची सगळी बस एकाच वेळी "अरे बाप्पा!" म्हणाली. तोच पलंग, तेच चार खण, तीच फळी. हिरवा पडदा. कडांची पट्टी असलेलं टेबल, साखळीची खुर्ची, भिंतीत गोल खिडकी. फरक एवढाच की या खिडकीतून समुद्र दिसत होता आणि लाकूड सागवानी होतं. बिसरामने बाभळीवर भागवलं होतं.

गुरुजींनी आदल्या दिवशीच संग्रहालयाला फोन करून ठेवला होता. गाइडने दोरीचा आकडा काढला, टाचा जुळवल्या आणि काकांना सलाम ठोकला. टाळ्या वाजल्या. काका आत गेले आणि टेबलापासून दोन पावलांवर, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"किती साधा मानूस," कोणीतरी म्हणालं.

भिंतीवर 'शूरसेन'च्या सगळ्या कप्तानांची नावं असलेली लाकडी पाटी होती. गुरुजींनी चष्मा लावला आणि हजेरी घेतल्यासारखी ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अकरा नावं होती. अकरावं वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग ते वळले.

"कप्तान, पटले काऊन नाई यात?"

त्या लहानशा खोलीत आणि बाहेरच्या बोळात बत्तीस माणसं वाट पाहत होती. पण उत्तर काकांना द्यावंच लागलं नाही.

"सरकारी काम!" गुरुजीच कडाडले. "माह्या निरोपाच्या पाटीवर चंद्रकांत लिवलं होतं, चंद्रकांत! अन इथं तं मानूसच गायब. मी आज दिल्लीले पत्र टाकतो."

"जाऊ द्या गुरुजी," काका कसेबसे म्हणाले.

त्यांच्या मोठेपणाने सगळी बस भारावली. सुशिलाबाईंनी डोळे पुसले.

गाइडने पुन्हा सूत्रं हाती घेतली. टेबलावर इस्त्रीचं पांढरं कापड, चिनी मातीची ताटं आणि मधोमध प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी मांडून ठेवली होती. टेबलाच्या कडेवर हात फिरवत तो म्हणाला, "यह जो किनारा है, यह सजावट है. अंग्रेज़ों का शौक."

काकांचे ओठ हलले. त्यांनी ते पुन्हा मिटले. नजर मात्र फुलदाणीवरून हटेना.

एवढ्यात सुशिलाबाईंना टेबलाशेजारचं बटण दिसलं. "हे काय हाय?" म्हणत त्यांनी ते दाबलंच. संग्रहालयाने जुन्या तारा दुरुस्त केलेल्या होत्या. भिंतीपलीकडे कुठेतरी घंटी वाजली, घोगरी, एकदा.

घंटीचा आवाज विरायच्या आत काका खोलीत नव्हते.

गर्दीत कोणाच्या ते लक्षात आलं नाही. जमुनाकाकींच्या आलं. त्या आवाजाने पायांचं काय होतं, ते तिथे फक्त त्यांना माहीत होतं. त्या बोळातून मागे गेल्या. मी त्यांच्या पिशव्या धरून होते, म्हणून मीही गेले.

केबिनच्या पाठीला लागूनच एक अरुंद कोठडी होती, स्टुअर्डची पँट्री. एक माणूस हात पसरून दोन्ही भिंतींना टेकेल एवढीच. स्टीलचं लहान बेसिन, वर फळी, फळीखाली आकड्यांना टांगलेले कप. काका तिथे उभे होते. त्यांनी एक ट्रे खाली घेतला होता, दुपट्ट्याने पुसला होता, आणि आता ते टांगलेले कप एकेक करून फिरवत होते. सगळे कान उजवीकडे. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत असावं असं वाटलं नाही.

मागून गाइड धावत आला. "सर, यह तो स्टुअर्ड की पैंट्री है. आप इधर?"

काकांचा हात थांबला. काकी बेसिनवरच्या पितळी पाटीकडे बघत होत्या. तिच्यावर इंग्रजीत तीन ओळी कोरलेल्या होत्या.

"हे काय लिवलं हाय?"

"एक घंटी, चाय," गाइडने वाचलं. "दो घंटी, पानी. लंबी घंटी, फ़ौरन हाज़िर."

काकींनी पाटी पाहिली. मग बेसिन, मग ट्रे, मग कप. फार हळू, बाजारात भाजी निवडताना पाहतात तसं.

"हे घंटी कोन आयके?"

"स्टुअर्ड, अम्मा. कप्तान का नौकर समझिए..."

"मी तुले नाई इचारलं, बाबू."

आपण कप्तान आहोत असं तोंडाने खोटं बोलायची वेळ काकांवर तोवर कधी आलीच नव्हती. गप्प राहून भागत होतं. फोटोने, हाराने, गुरुजींनी, सगळ्यांनी त्यांचं काम परस्पर करून टाकलं होतं. आता प्रश्न समोर उभा होता आणि त्या कोठडीत दुसरा माणूस मावत नव्हता. घंटी ऐकणारा म्हणून कोणा एका साताऱ्याच्या पोराचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. काकी सातारला जाऊन विचारणार नव्हत्या.

"मी," काका म्हणाले. "मी आयको."

"सतराही वर्सं?"

"हो."

"अन तो गळका पाइप?"

"तिसऱ्या रांगेतला. बीचवाला पलंग."

"मी बिचारे म्हनलं."

"आयकलं मी."

काकी वळल्या, बोळातल्या गर्दीतून वाट काढत केबिनमध्ये गेल्या आणि साखळीच्या खुर्चीत बसल्या. नीट, पाठ टेकवून, दोन्ही हात टेबलावर ठेवून. सगळे बघत राहिले. "अवो, तेथं बसत नाई," गुरुजी म्हणाले. काकींनी हात लांबवला आणि बटण दाबलं. एकदा.

थोडा वेळ लागला. मग दारात काका आले. एका तळहातावर ट्रे, ट्रेमध्ये बशी आणि रिकामा कप. उंबरठा त्यांनी बघितलाही नाही. टेबलापाशी येऊन त्यांनी प्रथम ती फुलदाणी उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

"हे टेबल पे नहीं रहता," ते गाइडला म्हणाले. "पहली लहर में कप्तान के माथे पे बैठता. और कपड़ा सूखा नहीं बिछाते, गीला करके बिछाते हैं, तो प्लेट पकड़ता है. किनारा सजावट नहीं है. प्लेट गोद में न आए, इसके लिए है." त्यांनी काकींच्या उजव्या हाताशी कप ठेवला. कान उजवीकडे. मग दोन पावलं मागे सरून भिंतीला पाठ लावली, मघाशी उभे होते त्याच जागी.

गुरुजी पाटीकडे वळले, मग काकांकडे. "मंजे... कप्तान..."

"कप्तानाचा स्टुअर्ड, गुरुजी. दिल्लीले पत्र टाकू नोका."

"मंग आमी इतके वर्सं कोनाले नमस्कार केला वो?" सुशिलाबाईंनी विचारलं.

"खुर्चीले," काकी म्हणाल्या. त्यांनी कप उचलला, आत पाहिलं आणि बशीत परत ठेवला. "थंडा हाय."

आधी कोण हसलं ते कळलं नाही. मग बोळ हसला. गुरुजी हसले नाहीत; ते पाटीवरची अकरा नावं पुन्हा वाचत होते, जणू चूक तिच्याकडूनच झाली होती.

सगळ्यात आनंद झाला तो गाइडला. त्याने वही काढली. संग्रहालय उघडल्यापासून जुने तीन कप्तान येऊन गेले होते म्हणे. खुर्चीत बसून त्यांनी फोटो काढले होते. पण पँट्रीत कप कसे टांगायचे, चादरीची घडी कशी, कपाटात काय कुठे असायचं, हे एकालाही सांगता आलं नव्हतं. घंटी दाबण्यापलीकडे त्यांना त्या खोलीतलं फारसं काही ठाऊक नव्हतं. त्याने काकांचा फोन नंबर घेतला, साहेबांशी बोलून बोलावून घेतो म्हणाला, दोन वेळा 'सर' म्हणाला. काकांनी त्याला एक चादर घडी घालून दाखवली. घडीची कड कागदासारखी आली. काकी दारातून ती बघत होत्या.

"घरी याईले चादर धरता येत नाई," त्या सुशिलाबाईंना म्हणाल्या, पुरेशा मोठ्याने.

दुपारी बस सुटायला तासभर होता. सगळे वाळूत उतरले. काकी सरळ पाण्याकडे निघाल्या. काठाशी थांबल्या, चपला काढल्या, चष्मा काढला, कमरेची पैशांची थैली सोडली, आणि हे सगळं मागे न बघता मागे धरलं. काकांनी घेतलं.

"इथंच उभे राहा."

त्या पाण्यात गेल्या. घोट्यापर्यंत, मग पिंढरीपर्यंत. रोवणीला उतरतात तसा पाय आधी चाचपत, मग रोवत. लाट आली की साडी गुडघ्यापाशी घट्ट धरायच्या.

"लाट मोठी हाय, मांगं सरा," काका ओरडले.

"तुमी कितीकडाव उतरले पान्यात?"

सतरा वर्षं काका समुद्रावर होते. त्याला पाय लावायचा प्रसंग आला नव्हता. चहा वरच द्यायचा असायचा.

"मंग सांगू नोका," काकी म्हणाल्या.

एक नारळवाला काकांभोवती घुटमळून गेला. एका कुटुंबाने फोटो काढून द्याल का म्हणून विचारलं. काकांचे दोन्ही हात भरलेले होते. ऊन उतरायला लागलं. रस्त्यावरून हॉर्न वाजला. गुरुजी वाळूच्या कडेला येऊन उभे राहिले आणि तोंडाशी हात धरून त्यांनी हाक मारली, "कप्ता..." ते थांबले, खाकरले. "लखनलालजी! चला, बस निघते!"

काकांनी पाण्याकडे पाहिलं. काकी वळल्या नाहीत. त्यांनी फक्त एक हात वर केला, पाच बोटं उघडून.

"पाच मिनिटं थांबा गुरुजी," काका म्हणाले. "ती पान्यात हाय."

आणि त्यांनी चपला डाव्या हातातून उजव्यात घेतल्या, चष्म्यावर वाळू पडू नये म्हणून.